डावीकडचे सात गुंठे

सोमवार, ता. १० जानेवारी १८८७. कल्याण.

आज ताट ढकलले. मालनवर ओरडलो. कारण काय — चटणी! चार दिवस बघतो आहे, पानात मीठ नाही, लिंबू नाही, चटणी नाही. अळणी भात किती दिवस गिळायचा माणसाने?

ती बघतच राहिली. वाकली आणि ताट अर्धे फिरवले. नुसते फिरवले.

मीठ होते. लिंबाची फोड होती. चटणी, कोशिंबीर — सगळे होते! ताटाच्या डाव्या अंगाला, जिथे जन्मभर वाढतात तिथेच.

"चारी दिवस वाढलंय," ती म्हणाली. "तुम्ही तेवढंच टाकून उठता. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

मी हसलो. तीही हसली. पण ताट तसेच राहिले.

मंगळवार, ता. ११

सकाळी उठताच डोके ठणकते. मग एक उलटी. मग बरे वाटते — अगदी बरे! कचेरीत जाईपर्यंत वाटते, कसला आजार आणि कसले काय. पण एका जागी बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो, पुन्हा उठतो. कारकून म्हणाला, "आनंदराव, खुर्चीत निखारे आहेत का?"

बावीस वर्षे मोजणीदार आहे. कल्याण तालुक्यातला एकेक बांध पायाखालचा. त्या पायाला आता अंगठा नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाच्या अंगठ्याखाली काळा डाग उठला. काटा मोडला असेल म्हणून कोरत बसलो. वाढला, फुटला. मुंबईस मोठ्या दवाखान्यात अंगठाच काढला. क्यान्सर आहे म्हणाले, पण मुळासकट गेला म्हणाले. मुळासकट! दिवाळीत त्याच बाजूच्या जांघेत सुपारीएवढी गाठ आली. कोणाला सांगितले नाही. धोतराखाली कोणाला दिसते?

आज दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. दोनदा.

गुरुवार, ता. १३

मालनच्या हट्टापायी डॉक्टर मेरवानजींकडे गेलो. पारशी, म्हातारे, फटकळ. समोर बसवले. "माझ्या नाकाकडे बघ. नाकाकडेच." दोन्ही हात पसरले. उजवीकडचे बोट हलले ते लगेच दिसले. "आनि आता?" मी म्हटले, हलवा ना! म्हणाले, "केव्हाचा हलवते मी."

मग आरसा लावून डोळ्यांच्या आत पाहिले. जांघ तपासली. "ही गाठ केव्हापासून?" दिवाळीपासून. "आनि तू मला आज सांगते?" एवढे ओरडले की कंपौंडर आत डोकावला.

बराच वेळ हात पुसत राहिले. डोळे चांगले आहेत म्हणाले, डोळ्यांमागचे डोके बिघडले आहे. पायाचा रोग रक्तातून वर चढला. मी विचारले, तिथलेही कापून काढता येईल?

"डोके म्हणजे अंगठा नाय, आनंदराव."

किती दिवस, विचारले. "पाडवा बघशील. दसऱ्याचा मी नाय बोलत." झटके येतील, त्यावर एक बाटली दिली.

बाहेर ओट्यावर मालन बसली होती. म्हटले, चष्मा लागेल म्हणतात. ती उठली, चपला शोधून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "दार उघडंच होतं."

शुक्रवार, ता. १४

दिवसभर अंगणात येरझारा. तुळशीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून तुळशीपर्यंत. बसलो की वाटते, माझ्या आत कोणीतरी चालते आहे.

रविवार, ता. १६

अंगावर तांब्या ओतला आणि आठवले — खडवली!

मार्गशीर्षात बाहेरची अशी एकच मोजणी केली. खडवलीस, नदीकाठी. बायजा नावाची विधवा आणि विश्राम पाटील, शेजारी शेजारी. मधला बांध पुरात बुजून गेला, जुनी खूण सापडेना, म्हणून मामलेदारांनी मला धाडले. मी मोजले, हद्द घातली. बायजाकडची सात गुंठ्यांची पट्टी पाटलाकडे गेली. त्या पट्टीत तिचा वाल उभा होता. ती ओरडत राहिली. मी कागद गुंडाळून निघालो. मोजणीच्या दिवशी कोणीतरी ओरडतेच!

तसाच ओला धावलो. मोजणीची वही काढली. मालन ठाण्याला मुलींच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली, आकडे चांगले वाचते. तिला समजावले — शेतातून एक सरळ रेघ धरायची आणि तिच्या उजवीकडे, डावीकडे बांधापर्यंत मापे घ्यायची. उजवीकडची उजव्या रकान्यात, डावीकडची डाव्यात. वाच.

तिने उजवा रकाना वाचला. घडाघडा.

"आणि डावा?"

"डावीकडे काही नाही."

"नीट बघ."

"अहो, कोरा आहे. वरपासून खालपर्यंत."

कोरा रकाना म्हणजे रेघ हीच हद्द. कचेरीत तसाच अर्थ घेतात. आणि हटकणार कोण — बावीस वर्षांचा माझा हात! मी रेघ बायजाच्या शेतातून धरली आणि रेघेच्या डावीकडचे तिचे शेत माझ्या लेखी नव्हतेच. चटणीसारखे. होते तिथेच होते.

आश्विनातल्या, कार्तिकातल्या वह्या तिच्याकडून तपासून घेतल्या. दोन्ही रकाने भरलेले. एवढी एकच चुकली. एकच! हे 'एकच' मी दिवसभरात किती वेळा म्हटले असेल.

सोमवार, ता. १७

महिपतला बोलावले. पंधरा वर्षे माझी साखळी ओढतो. विचारले, खडवलीला डावीकडे साखळी का नेली नाहीस?

तो पायाच्या नखाने माती उकरत राहिला.

"इचारलं व्हतं, रावसाब. दोनदा. डावीकडं जाऊ ना, बोललो. तुमी बोल्ला, डावीकडं काय हाय? झालं ते, चल."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मी साखळीवाला. मला वाटलं, तुमाला कायतरी जास्त कळलं असंल."

रागावू तरी कोणावर!

बुधवार, ता. १९

मामलेदारांचा निकाल महिनाअखेर आहे. गप्प बसलो तर कोणाला कळणार? महिपत बोलणार नाही. मालन बोलणार नाही. मोजणीदार म्हणून मरेन. बोललो तर — 'तो डोके फिरलेला मोजणीदार'. रस्त्यातली पोरेही मागे लागतील.

हे सगळे मालनला मोठ्याने म्हणून दाखवले. ती तांदूळ निवडत होती.

"माझं विचारू नका," म्हणाली. "तुमच्या मागे मी कुठे जायचं ते ठरलेलंच आहे. ठाण्याला, भावाच्या घरी, खालच्या मानेनं. तुम्ही बोललात तरी तेच आणि नाही बोललात तरी तेच."

सूप आपटले नाही. हळूच ठेवले. आपटले असते तर बरे झाले असते.

गुरुवार, ता. २०

बायजा कचेरीत आली! पायरीवर बसली होती. खडवलीहून पहाटे चालत निघालेली. मला वाटले, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मीही चार सुनावल्या असत्या.

"रावसाब, वाल तोडू का नको, तेवढं सांगा. शेंगा जून व्हायला लागल्या. तोडल्या तर चोर बोलतील."

म्हटले, चार दिवस थांब.

"मी थांबंन. वाल थांबंल काय?"

घरापर्यंत जवळजवळ पळत आलो. अंगठा नसलेल्या पायाने! वाटेत डावीकडे एक बैलगाडी होती म्हणे. गाडीवान शिव्या देत होता.

शनिवार, ता. २२

झटका आला. डाव्या हाताचा अंगठा उडू लागला. बघत बसलो — गंमत वाटली. मग मनगट, मग दंड, मग गालाची कड. मग जमीन. जाग आली तेव्हा डोके मालनच्या मांडीवर, तोंडात रक्ताची चव. हात माझाच होता, पण मला विचारत नव्हता.

सोमवारी बोलणार. आणखी एखादा असा आला तर बोलायला जीभ तरी राहील का?

सोमवार, ता. २४

बोललो.

मामलेदारसाहेब सही करत होते. म्हटले, खडवलीची मोजणी चुकली आहे. "कोणाची?" माझी. "कशावरून म्हणता?" म्हटले, मला डावीकडचे दिसत नाही.

कारकून हसला. साहेबांनी त्याला बाहेर पाठवले. मग दौत उचलून कुठेतरी ठेवली. "दौत कुठे आहे?" मला नाही दिसली. "कोपराजवळ आहे तुमच्या," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

"आनंदराव, हे लिहून दिलंत तर तुमच्या हातात पुन्हा साखळी राहणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"घरी विचारलंत?"

"घरच्यांनीच डावा रकाना वाचून दाखवला."

लिहून दिले. दुसरा मोजणीदार शहापूरकडे अडकला आहे, शिमग्याशिवाय मोकळा होत नाही. वाल तोवर कुठला थांबायला! तेही सांगितले. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "तीन तारखेला मी स्वतः येऊन उभा राहतो. तुम्हीच मोजा, पण डावीकडे दुसऱ्या कोणाचे तरी डोळे लावा. दोन्ही बाजूंच्या देखत."

दुसरे डोळे. कोणाचे? कारकुनाने हात झटकले. महिपतला आकडे लिहिता येत नाहीत.

गुरुवार, ता. २७

नोकरीच्या पहिल्या वर्षी लोहाराकडून स्वतःची एक साखळी करून घेतली होती. ती माळ्यावरून काढली. अंगणात मालनच्या हातात दिली.

तेहेतीस फूट, सोळा भाग, एका भागाला आणा म्हणायचे. हे तिला एकदाच सांगावे लागले. शंकूच्या काठीच्या टोकावरच्या फटीतून काटकोन कसा धरायचा, ते दोनदा. चुकली की मी खेकसतो. ती मला खेकसू देते आणि पुन्हा धरते. शेजारच्या सखुबाई भिंतीवरून म्हणाल्या, "अगं मालन, घर वाटून घेताय की काय?"

"हो," मालन म्हणाली. "डावी बाजू माझी."

किती दिवसांनी मोठ्याने हसलो! डोके दुखेपर्यंत.

सोमवार, ता. ३१

तिचा काटकोन माझ्यापेक्षा चोख आहे. सांगितले नाही.

गुरुवार, ता. ३ फेब्रुवारी

टिटवाळ्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. बैलगाडीतून तीनदा उतरून चाललो. बसवतच नव्हते. मालन प्रत्येक वेळी माझ्या डाव्या बाजूने उतरली.

शेतात अर्धे गाव. मामलेदारसाहेब बाभळीला तट्टू बांधून उभे. विश्राम पाटील पागोटे घालून. बायजा एकटी, वालाच्या कडेला, हातात रिकामी पाटी.

रेघ मीच धरली. तीच, आधीची. महिपतने साखळी डावीकडे नेली, मालन त्याच्या मागे. मला ती दोघे दिसेनाशी झाली — चार पावले गेली आणि नाहीत! नुसते आवाज. "एक साखळी दोन आणे!" महिपतचा. "एक साखळी दोन आणे," मालनचा. मी लिहिले. तिने पाठीमागून येऊन वहीवर बोट ठेवले. डाव्या रकान्यात लिहा, म्हणाली. मी उजव्यात लिहिले होते.

तिसऱ्या मापाला अंगठा उडू लागला. डावा हात काखेत दाबला. खाली बसलो. काठी पडली.

मालनने काठी उचलली. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो कमरेला खोचला. काठीतून बघितले.

"बाईमानूस सरकारी मोजनी करनार?" विश्राम पाटील म्हणाला. "ही कोन मानंल, साहेब?"

"साखळी सरकारचीच आहे ना?" मामलेदार म्हणाले. "मग मी इथे उन्हात कशासाठी उभा आहे? चालू द्या, बाई."

चालू राहिले. हात थांबला, तरी मी उठलो नाही. आकडे ऐकत बसलो. महिपत सांगे, ती परत म्हणे, लिही, पुढच्या मापाला जाई. जुन्या नकाशाशी ताडून तिने एका जागी काठी रोवली. "हद्दीची खूण इथे असायला हवी," म्हणाली. पाटलाच्या माणसांनी खणले. हात, दीड हात गाळ निघाला. मग पहार दगडाला लागली. टांकी मारलेला, चौकोनी. हद्दीचा.

विश्राम पाटील खड्ड्यात उतरला, हाताने गाळ पुसला.

"हा माज्या बापानं रोवलेला," म्हणाला. "मी ल्हान व्हतो. मीच पानी पाजत व्हतो त्याला." वर येऊन हात झटकले. "बायजे, तोड गं तुझा वाल."

बायजाने आभार मानले नाहीत. माझ्याकडे, मालनकडे, कोणाकडेच बघितले नाही. वाकली आणि शेंगा तोडायला लागली. भराभर. दोन्ही हातांनी.

शुक्रवार, ता. ४

बिछान्यात पडून. आज मात्र आत कोणी चालत नव्हते. दुपारपर्यंत तरी.

बुधवार, ता. १६

राणीच्या ज्युबिलीची सुट्टी. कचेरीवर पताका. पोरांना मिठाई वाटली. निकाल बायजाच्या बाजूने लागला, आणि त्याच टपालाने माझी मोकळीक. 'प्रकृतीमुळे कामास अपात्र.' सरकारी साखळी महिपत नेऊन पोचती करून आला. आल्यावर त्याने डोळे पुसले असावेत, मला दिसले नाही. तो डावीकडे उभा होता.

आता जायचे कुठे? दहा वाजले की अंगरखा चढवतो. दारापर्यंत जातो. परत येतो. अंगरखा काढतो.

शुक्रवार, ता. २५

डावा पाय ओढतो. मेरवानजी आले, बसले, पाडव्याचे नाव काढले नाही.

मालन म्हणते, मी पानाच्या उजव्या अर्ध्यातच लिहितो. डावे अर्धे सगळे कोरे सोडतो. मला तर पान भरलेले दिसते!

ठाण्याहून तिच्या भावाचे पत्र आले आहे. मागची खोली रिकामी करतो आहे म्हणे — 'पुढचा विचार करून'. पुढचा म्हणजे माझ्या नंतरचा. हे पत्र ती नेहमी माझ्या डावीकडे ठेवते. मला दिसू नये म्हणून. आज उशी बदलताना ते उजवीकडे पडले, म्हणून वाचले. घडी घालून पुन्हा डावीकडे सरकवले.

मंगळवार, ता. १ मार्च

दोन झटके. शब्द अडकतात. पाणी मागायचे होते, तोंडातून 'बांध' आले. मालनने पाणी दिले.

शनिवार, ता. ५

टिटवाळ्याकडचा एक म्हातारा आला. काळुराम नाव. भावाभावांची वाटणी, मधला बांध कुठे घालायचा यावर भांडण, कचेरीत जायचे नाही म्हणतो. मी उशीवरूनच म्हटले, बाबा, मी आता मोजत नाही.

"तुमाला न्यायला नाय आलो, रावसाब," तो म्हणाला. "खडवलीला ज्या बाईंनी दगड काढला, त्या पायजेत. दोगं भाऊ बोलतात, बाई सांगतील तो बांध. गाडी दारात उभी हाय."

महिपतने केव्हाच आमची घरची साखळी खांद्यावर टाकली होती. सखुबाई येऊन माझ्या उशाशी बसल्या. मालन उंबऱ्यात उभी. माझ्या उजवीकडे, मला दिसेल अशी.

शब्द सापडायला वेळ लागला. ती थांबली.

म्हटले — छत्री घे. ऊन आहे.